विनंती थांबा

चोपडा आगाराच्या भोंग्यातून अकरा वर्षं
मीच बोलायचे:
'अमळनेर, धुळे, मालेगाव, चांदवडमार्गे
नाशिककडे जाणारी गाडी
फलाट क्रमांक तीनवर उभी आहे.'
नाशिकला मी स्वतः दोनदाच गेलेली.

फेब्रुवारीत गळ्यातली गाठ काढली.
टाके मंगळसूत्राच्या जरा वर.
नर्स म्हणाली, सुरकुतीत बसलेत, दिसायचे नाहीत.
आवाज मात्र पत्र्यावरून पोतं ओढल्यासारखा.
'येईल,' डॉक्टर म्हणाले,
'हा कॅन्सरातला बरा कॅन्सर. हळू चालतो.
एप्रिलमध्ये नाशिकला जाऊन आयोडीन घ्यायचं.
त्याआधी महिनाभर गोळी बंद,
आयोडीनचं मीठ बंद.'

गोळी बंद केली.
मीठ बंद केलं.
मग सगळंच बंद झालं.

आधी वाटलं, बरंच झालं,
गाड्याच नाहीत तर घोगरं कोण ऐकणार.
आगारात चौसष्ट गाड्या एकमेकींना खेटून उभ्या,
अंतराचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

एप्रिलची तारीख गेली. दोन आठवड्यांनी, बघू, म्हणाले.
गोळी बंदच.
मे लागला. गच्चीवर पापड दहा मिनिटांत वाळायचे
आणि मी स्वेटर घालून
पंख्याकडे पाठ करून बसलेली.
रेणू विचारायची, मम्मी, तुझ्यात फ्रिज आहे का?
जीभ जड, पापण्या जड,
एक वाक्य उचलायला दोन्ही हात लागत.
भटू कळण्याच्या भाकरीवर ठेचा वाढायचा,
म्हणायचा, तिखटानं मिठाची आठवण जाते.
नाही जात.

पासाचा अर्ज भटूनेच भरला.
नामंजूर. कारण: तातडीचे नाही.
पुन्हा भरला, रकान्यात 'कॅन्सर' लिहून.
नामंजूर. कारण: कागद अस्पष्ट.
नाशिकहून फोन आला,
'ताई, वॉर्ड कोविडला दिलाय. गोळी चालू करा.'
केली.
जूनच्या शेवटी, 'बंद करा.'
केली.
मग आयोडीनच आलं नाही.
'ते ठेवून चालत नाही हो,
आठ दिवसांत निम्मं होतं.'
मीही, असं म्हणाले नाही.

सडकेला पाटी असते, विनंती थांबा.
हात केला तर गाडी उभी राहते,
नाही तर धूळ देऊन जाते.
इतकी वर्षं मला ते थांब्याचं नाव वाटायचं.
त्या उन्हाळ्यात नीट वाचलं:
विनंती.
थांबा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी हिलालभाऊ आला,
आगारातला जुना ड्रायव्हर, आता केळीच्या ट्रकवर.
'केळीसले पास शे, माणससले नही.
तू बठ.'

अमळनेर. धुळे.
तोंडपाठ गावं अंधारात एकेक समोर येत होती,
भोंग्यातून बोलायचे त्यापेक्षा कितीतरी लांब लांब.
मालेगावच्या नाक्यावर हवालदाराने टॉर्च मारली,
ही कोण?
हिलालभाऊ म्हणाला, क्लीनर.
मी ओढणी खाली केली.
टॉर्च गळ्यावर थोडी थांबली,
मग त्याने बांबू उचलला.

नाशिकला जाड दाराची खोली.
ताट उंबऱ्यावर, डॉक्टर फोनवर.
'पंधरा दिवस मुलीला जवळ घेऊ नका.'
मी हसले असेन, आवाज काही आला नाही.
पाच महिने सगळा तालुका हेच तर करत होता.
तिथेच भटूचा फोन,
एसटी सुरू झाली गं आज. जिल्ह्याबाहेरची.

घरी आले तर रेणूने माझ्या दाराबाहेर
रेशन दुकानासारखं खडूचं वर्तुळ काढलेलं,
आणि त्यात स्वतः बसलेली.
'मम्मी, गाडी बोल ना.'

अमळनेर, म्हटलं. धुळे. मालेगाव.
चांदवडला आवाज अडकला.
पुढचं गाव तिला येत होतं.
तिने सांगितलं नाही.
खडूच्या रेघेवर बोट ठेवून
बसून राहिली.